डार्कथ्रोनचा कच्चा आवाज ठरवून केलेला

नॉर्वेच्या डार्कथ्रोन या ब्लॅक मेटल (हेवी मेटलचा कच्च्या आवाजाचा प्रकार) बँडवरच्या लेखात त्यांच्या १९९४ च्या अल्बमबद्दल ‘पैसे नव्हते म्हणून ट्रान्सिल्वेनियन हंगर असा पत्र्यासारखा वाजतो’ असं विधान आहे, ते काही पटलं नाही. याच बँडने १९९१ चा सोलसाइड जर्नी हा अल्बम स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत केला होता, आणि तो चांगला भरदार, गुंतागुंतीचा डेथ मेटल (हेवी मेटलचा जड, आक्रमक प्रकार) आहे. ट्रान्सिल्वेनियन हंगरमध्ये मात्र बँडमधल्या फेनरिझने सगळी वाद्यं एकट्याने चार ट्रॅकच्या (चारच वेगळ्या ध्वनिपट्ट्यांच्या) रेकॉर्डरवर वाजवली, साथीदार नॉक्टर्नो कुल्टोचा फक्त गाण्याचा आवाज. चारच ट्रॅक म्हटल्यावर ड्रमचा तोल रेकॉर्ड करतानाच ठरवावा लागतो, मागून स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक वाजणाऱ्या ड्रमचा) आवाज वर-खाली करायची सोय नाही.

या आवाजाची गिटारवर नक्कल करणारे नेमके इथेच आपटतात. अँपचा गेन (आवाज खरखरीत करणारं बटण) पूर्ण वर, मिड (मधल्या पट्टीचा आवाज) शून्यावर, ट्रेबल (वरच्या पट्टीचा आवाज) कान फाडेपर्यंत! मग ट्रेमोलो पिकिंगचे (एकच तार भराभर छेडून वाजवलेले) स्वर एकमेकांत मिसळतात आणि उरते नुसती खरखर. अहो, त्या रिफमध्ये (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या ओळीत) सुरावट आहे, ती ऐकू यायला हवी. गेन निम्म्यावर आणा, मिड ठेवा, तारांवर तळहात टेकवू नका, ड्रम मागे ढकला आणि लय मध्येच बदलू नका. बाकी २००६ च्या द कल्ट इज अलाइव्ह या अल्बममधलं पंक वळण लेखात एका ओळीत उरकलंय, ते मात्र खटकलं.