आधी क्वेरी बघा रे!

पेज स्लो आहे म्हटलं की दोन मिनिटांत कुणीतरी "रेडिस लावूया" म्हणतंच, म्हणजे डेटाची प्रत मेमरीत ठेवणारी कॅश. डोकं फिरतं! क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे डेटा मागणारी आज्ञा, उघडून कुणी बघितली का? एकानेही नाही.

शंभर ऑर्डरची यादी दाखवायची असते. कोड एका क्वेरीत ऑर्डरी आणतो आणि मग लूपमध्ये प्रत्येकीच्या ग्राहकासाठी पुन्हा डेटाबेसकडे जातो. झाल्या 101 क्वेऱ्या. एका फेरीला 2 मिलिसेकंद धरले तरी 200 मिलिसेकंद नुसत्या ये-जा करण्यात गेले. जँगोत (पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) सिलेक्ट रिलेटेड लिहिलं की दोन्ही टेबलं जोडून (जॉइन) एकच क्वेरी जाते. एका ओळीचं काम! ते सोडून कॅश लावतात आणि मग ग्राहकाने पत्ता बदलला तरी जुनाच का दिसतो, म्हणून आठवडाभर डोकेफोड.

आणि हे कितीदा सांगायचं? पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) टाकली म्हणून त्या कॉलमवर आपोआप इंडेक्स (ओळ पटकन शोधायची सूची) होत नाही. मायएसक्यूएलचं इनोडीबी हे स्टोरेज इंजिन करतं, पोस्टग्रेस करत नाही. लॅपटॉपवर 50 ओळी असतात, तिथे काहीच जाणवत नाही. प्रॉडक्शनला (खऱ्या सर्व्हरवर) 20 लाख झाल्या की एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ चालवा, ते क्वेरी चालवून तिचा प्लॅन दाखवतं: सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे अख्खं टेबल वाचणं, आणि फिल्टरने टाकून दिलेल्या ओळी लाखांत! इंडेक्स टाका, पण भर दुपारी साधा क्रिएट इंडेक्स मारू नका हो. तो पुरा होईपर्यंत त्या टेबलात काही लिहिताच येत नाही, ऑर्डरी अडकतात. त्याला कन्करंटली लावा, म्हणजे लिहिणं चालू राहतं, आणि तेही ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पार पडणाऱ्या आज्ञांच्या गटाच्या) बाहेर, आत चालतच नाही. मध्येच फेल झाला तर इनव्हॅलिड इंडेक्स मागे राहतो. तो ड्रॉप करून पुन्हा बनवावा लागतो.

ईमेलवर इंडेक्स आहे आणि क्वेरीत लोअर (इंग्रजी अक्षरं स्मॉल करणारं फंक्शन) लावलंय? मग तो साधा इंडेक्स वापरलाच जाणार नाही. लोअरसकट वेगळा इंडेक्स करा.

हे काम जमणारी माणसं मिळत नाहीत म्हणून रडायचं, आणि इंटरव्ह्यूत लिंक्ड लिस्ट (एकमेकांना जोडलेल्या घटकांची साखळी) उलटी करायला लावायची! अहो, रोजच्या कामात ती कोण उलटी करतंय? उमेदवारापुढे एका स्लो क्वेरीचा खरा प्लॅन ठेवा, टेबलाची रचना द्या, अर्धा तास द्या. प्लॅनरचा (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाचा) अंदाज 1 ओळीचा, प्रत्यक्षात आल्या 80,000. अंदाजासाठीची आकडेवारी अ‍ॅनालाइझ ही आज्ञा ताजी करते. त्या फरकावर बोट ठेवून "या टेबलावर अ‍ॅनालाइझ शेवटचं कधी चाललंय?" असं जो विचारेल, त्याला घ्या.