'यूटीसी-5 लिहा नि मोकळे व्हा' म्हणणाऱ्यांसाठी

ट्रेडिंगव्ह्यू या शेअर-चार्टच्या साइटवर स्क्रिप्ट लिहायची भाषा म्हणजे पाइन स्क्रिप्ट. तिच्यातल्या वेळेच्या घोळावर 'पाच ओळींत कायमचा इलाज' सांगणारा एक मेसेज सध्या जोरात फॉरवर्ड होतोय. काल धाकट्या भावाच्या स्क्रिप्टमध्ये तो जसाच्या तसा उतरलेला दिसला. आता पुरे.

दावा पहिला: चार्टखालचा टाइमझोन बदला, स्क्रिप्ट त्या वेळेवर चालेल. नाही चालणार. ती सेटिंग चार्टवर वेळ कशी दिसावी एवढ्यापुरतीच आहे. तिथे काय निवडलंय हे स्क्रिप्टला कळतसुद्धा नाही, आणि ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन मॅन्युअलमधल्या वेळेच्या प्रकरणात हे स्वच्छ लिहिलंय. ते प्रकरण एकदा वाचलं असतं तर हा मेसेज जन्मालाच आला नसता. 'अवर' आणि 'मिनिट' ही व्हेरिएबल्स एक्स्चेंजच्या टाइमझोनमधली वेळ देतात, चार्टवर काहीही लावा.

दुसरा: तास पुढे न्यायचा तर 'टाइम'मध्ये, म्हणजे बार (चार्टवरची एक कांडी) सुरू होण्याच्या वेळेत, 3600 मिळवा. अहो, 'टाइम' मिलिसेकंदांत असतो! 3600 मिळवून तुम्ही 3.6 सेकंद पुढे सरकलात. तास म्हणजे 36,00,000. पण तेही मिळवू नका. 'टाइम' हा 1 जानेवारी 1970 पासून यूटीसीत (जगाच्या प्रमाण वेळेत) मोजलेला क्षण आहे आणि तो जगभर एकच असतो. तो कुठल्या घड्याळात वाचायचा हे सांगायला 'अवर' फंक्शनचं दुसरं आर्ग्युमेंट आहे.

तिसरा दावा खरा घातक: न्यूयॉर्कच्या सेशनला (बाजाराच्या ठरावीक वेळेला) 'यूटीसी-5', म्हणजे यूटीसीच्या पाच तास मागे, द्या, झालं.

न्यूयॉर्क यूटीसी-5 वर असतं ते फक्त हिवाळ्यात. 2025 मध्ये 9 मार्च ते 2 नोव्हेंबर ते यूटीसी-4 वर होतं, म्हणजे 52 पैकी 34 आठवडे. 8 जुलै 2025 चा बार घ्या. बाजार साडेनऊला उघडला, यूटीसीत 13:30. स्क्रिप्टच्या लेखी तेव्हा वाजलेत साडेआठ. '0930-1000' हे सेशन तिच्यासाठी सुरू होतं तेव्हा न्यूयॉर्कमध्ये साडेदहा झालेले असतात. ओपनिंग रेंजच्या (बाजार उघडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासातल्या हाय-लोच्या) नावाखाली तुम्ही साडेदहा ते अकराचे हाय-लो पकडताय. एरर नाही, वॉर्निंग नाही. बॅकटेस्टचे (जुन्या डेटावरच्या चाचणीचे) आकडे येतात, पण ते भलत्याच स्ट्रॅटेजीचे. जानेवारीत लिहून जानेवारीच्याच बारवर तपासलं की सगळं बरोबर दिसतं, म्हणून तर हा जुगाड टिकलाय.

काही हुशार मंडळी मग महिना बघून -4 आणि -5 ची अट घालतात. पण घड्याळ महिन्याच्या मधेच बदलतं, आणि सगळीकडे एकाच दिवशी नाही: अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी, लंडनमध्ये शेवटच्या. 9 ते 30 मार्च 2025 या काळात दोन्हींत पाचऐवजी चारच तासांचं अंतर होतं. 26 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर पुन्हा तेच. शिवाय अमेरिकेचा आजचा नियम 2007 पासूनचा, त्याआधीचा डेटा असेल तर तारखाच वेगळ्या. हे सगळं हाताने कोण लिहिणार? टाइमझोनच्या जागी 'अमेरिका/न्यू_यॉर्क' हे नाव रोमन लिपीत, अंडरस्कोरसकट द्या. मॅन्युअलही ऑफसेटऐवजी ('-5' सारख्या आकड्याऐवजी) अशीच नावं वापरायला सांगतं.

टोकियोला ठरलेला ऑफसेट चालतो, हे मान्य. तिथे घड्याळ पुढेमागे होत नाही.

चौथा, 'टाइमस्टॅम्प' (तारखेवरून 'टाइम'सारखा आकडा काढणारं फंक्शन) नेहमी यूटीसीत असतो. अर्धं खरं. तारीख मजकूर म्हणून दिली आणि झोन लिहिला नाही तर यूटीसी धरला जातो. वर्ष, महिना, दिवस असे सुटे आकडे दिले तर एक्स्चेंजचा झोन लागतो. त्यामुळे झोन दरवेळी लिहाच.

पाचवा: 'अवर' 9 आणि 'मिनिट' 30 एवढं तपासा. त्या मिनिटाला सौदाच झाला नाही तर बारच बनत नाही. बार बरोबर तासाला सुरू होत असतील तर 30 कधी येणारच नाही. 'टाइम' फंक्शनला टाइमफ्रेम, सेशन आणि झोन द्या. सेशनबाहेर ते 'एनए', म्हणजे 'आकडा नाही', देतं. आधीच्या बारवर 'एनए' आणि या बारवर आकडा, तो सेशनचा पहिला बार. दिवसभराचंच सेशन असेल तर तारीख बदलली का हेही बघा.

तपासायचं असेल तर तोच झोन देऊन 'अवर' प्लॉट करा, डेटा विंडो उघडा, आणि अमेरिकी शेअरच्या पाच मिनिटांच्या चार्टवर नेहमीच्या सेशनच्या पहिल्या बारवर कर्सर ठेवा, एकदा जानेवारीत, एकदा जुलैत. दोन्हीकडे 9 दिसायला हवं. जुलैत 8 दिसलं तर मेसेज अजून स्क्रिप्टमध्येच आहे.