तिने कुठे नाही म्हटलं?

आज सकाळी डब्याची भाजी चिरताना ग्रीक पुराणकथांची एक ऑडिओ मालिका लावली होती. इफिजेनियाचा भाग होता. निवेदिका गहिवरून म्हणाली, "आणि मग ती स्वखुशीने वेदीकडे निघाली." विळी बाजूला सारली आणि बंदच केलं. संध्याकाळ झाली तरी डोक्यातून जात नाहीये.

स्वखुशीने? अहो, त्या पोरीला लग्नासाठी बोलावलं होतं! ऑलिसच्या किनाऱ्यावर ट्रॉयला निघालेली जहाजं अडकली, आर्टेमिस देवीला ग्रीक सेनापतीच्या मुलीचा, म्हणजे इफिजेनियाचाच, बळी हवाय असं भविष्यवेत्त्याने सांगितलं. तर सख्ख्या बापाने, अगामेम्नॉनने, घरी निरोप धाडला की अकिलीसशी लग्न ठरवलंय, पोरीला पाठवा. आई हौसेने तिला घेऊन आली. अकिलीसला यातलं काही माहीतसुद्धा नव्हतं.

माझ्या आत्याला तार गेली होती, "आई सीरियस, ताबडतोब निघ." कॉलेजच्या हॉस्टेलवरून ती रात्रीच्या एसटीने आली, आजीसाठी पिशवीभर मोसंबी घेऊन. दारात मांडव. आजी ठणठणीत, जात्यावर हळद दळत बसलेली.

घरात अजूनही सांगतात, "तिने कुठे नाही म्हटलं?"

मान्य, ग्रीक नाटककार युरिपिडीजच्या नाटकात ती शेवटी स्वतःहून तयार होते. काही कथांत देवी ऐन वेळी तिच्या जागी हरिणी ठेवते. असेल. पण त्याच नाटकात ती आधी बापाचे पाय धरून जीव मागते, ते का गाळता? आणि त्याच्या पन्नासेक वर्षं आधी, इ.स.पू. ४५८ मध्ये, दुसऱ्या नाटककाराने, एस्किलसने, काय लिहिलंय? बाप माणसांना सांगतो, करडासारखी उचला, तोंड बांधा. घराण्याला शाप द्यायला नको म्हणून! केशरी वस्त्र जमिनीवर ओघळलेलं, आणि ती एकेकाकडे नुसती बघतेय. त्याच बापाच्या पंगतींत तिने कितीदा गाणी म्हटली होती.

तोंड बांधल्यावर कुठून नाही म्हणणार? आत्याच्या तोंडाला फडकं नव्हतं. मांडवभर पाहुणे होते.

आणि तिची आई? क्लायटेम्नेस्ट्रा म्हटलं की नवऱ्याला मारणारी बाई, संपलं. खून वाईटच. पण युद्धाची दहा वर्षं ती काय उरात घेऊन बसली होती, ते दोन ओळींत उरकतात.

आत्याला मी एकदाच विचारलं होतं. मेथी निवडत होती, मान वर केली नाही. म्हणाली, "ती मोसंबी कुणी खाल्लीच नाहीत गं. मांडवपरतणीला आले तर पिशवी कोठीच्या खोलीत तशीच, बुरशी धरलेली. मीच नेऊन उकिरड्यावर टाकली."