पुन्हा पायऱ्या बदलल्या!

दरवेळी तेच! विमान कंपन्या आधी नेहमीच्या प्रवाशांना खास सोयींच्या पायऱ्या, म्हणजे दर्जे, दाखवून एकनिष्ठ राहायची सवय लावतात, मग ते मिळवायचे नियमच फिरवतात. अमेरिकेच्या डेल्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये सगळ्यात वरच्या डायमंड दर्जाची वार्षिक अट २०,००० वरून थेट ३५,००० क्वालिफिकेशन डॉलरवर (ढोबळमानाने, त्यांच्याकडे केलेला खर्च) नेली. लोक भडकले, तेव्हा ती २८,००० वर आणली. म्हणजे वाढ ती वाढच, वर ऐकून घेतल्याचं श्रेयही यांनाच!

ब्रिटिश एअरवेजने तर ३० डिसेंबर २०२४ ला, ऐन सुट्टीत जाहीर केलं: १ एप्रिलपासून त्यांच्या गोल्ड दर्जाला वर्षाला २०,००० पॉइंट. खर्चलेल्या एका पौंडाला एक पॉइंट, तोही कर वगळून! ऑफिसच्या पैशाने बिझनेस क्लासने फिरणाऱ्याला याची झळ लागत नाही. भरडला जातो तो आईवडिलांना भेटायला स्वतःच्या खिशातून लंडन-मुंबई करणारा माणूस. दुसरीकडचं स्वस्त तिकीट सोडून तो वर्षानुवर्षं यांच्याकडेच येतो. त्याची किंमत शून्य? संताप येतो अक्षरशः.

बदलायचंय ना? मग निदान वर्षभर आधी सांगा. आणि जुन्या वचनावर काढलेल्या तिकिटांना जुन्याच हिशोबाने पॉइंट द्या, सगळ्यांना, न मागता.