गाडी ओरिजिनल करायची म्हणजे काय, जरा बोलूया

मंडळी, मागच्या वर्षी मे मध्ये बँकेतनं रिटायर झालो आणि दुसऱ्याच आठवड्यात वडिलांची जावा मोटरसायकल खोलीतनं अंगणात काढली. १९६८ ची, २५० सीसी, म्हैसूरच्या कारखान्यातली. वीसएक वर्षं पोत्याखाली पडून होती.

तेव्हापासनं जो तो सल्ला देतोय. बारा व्होल्टचं वायरिंग करा, पुढं डिस्क ब्रेक टाका, अलॉयची चाकं बसवा, मस्त व्हिंटेज लुक येईल. अहो लुक कशाला पाहिजे, गाडीच व्हिंटेज आहे की! माझं मत स्पष्ट आहे, ओरिजिनल म्हणजे कंपनीनं दिली तशी, सहा व्होल्ट तर सहा व्होल्ट, उजेड कमी पडला तर दिवस मावळायच्या आत घरी यायचं. एकच दांडी, आत दाबून वर फिरवली की किक आणि खाली आणली की गियर, गियर टाकताना क्लच आपोआप सुटतो, चेन सगळी डब्यात बंद, त्या चेकोस्लोव्हाकियातल्या माणसांनी एवढा विचार करून केलेलं आपण दोन दिवसांत उपटून टाकायचं का?

सरकारनं २०२१ ला ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हीए अशी वेगळी नंबर सिरीज काढली, त्यातही गाडीत मोठा बदल केलेला चालत नाही. मी ती घेतली नाही कारण मग रोज चालवता येत नाही, आणि मला तर रंकाळ्याला चक्कर मारायची आहे, पन्हाळा चढायचा आहे. साधं पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन वाढवून घेतलं.

रंगाचं मात्र मनाला लागलं. टाकीवरची सोनेरी रेघ हातानं ओढलेली होती. पेंटरला बजावून सांगितलं होतं की मी ट्रेसिंग घेतल्याशिवाय हात लावू नका, गेलो तर टाकी पत्र्यापर्यंत खरवडून ठेवलेली. त्या दिवशी जेवण गेलं नाही. शेवटी सीटखालच्या ब्रॅकेटच्या मागं अंगठ्याएवढा मरून रंग शाबूत सापडला, त्यावरनं शेड जुळवली, पण रेघ ती रेघ, ती परत येत नाही. म्हणून सांगतो, खोलायच्या आधी फोटो काढा, बोल्टसुद्धा पिशवीत घालून वर नाव लिहा.

आणि इंजिन. सुरू झालं पण पांढरा धूर हटेना, प्लग ओला. मला वाटलं टूटी, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑईल, जास्त पडतंय, पण मी तर लिटरला ४० मिली मोजून घालत होतो. उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांनी गियरबॉक्सचं ऑईल काढून मोजलं, कमी निघालं. "सायेब, क्रँकचं सील गेलंय, इंजिन गियरबॉक्सातलं ऑईल वढतंय." इंजिन खोललं तर पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडलाही प्ले, म्हणजे ढिलेपणा, मग क्रँक प्रेसवर सोडवला, पिन बेअरिंग नवीन घातलं. खरं काम त्यानंतरचं. क्रँकची दोन्ही पाती, म्हणजे दोन्ही बाजूच्या जड चकत्या, एका सेंटरला आणायची. डायल, म्हणजे बारीक हलणं दाखवणारं काट्याचं मापयंत्र, लावायचा, हातानं फिरवायचं, काटा कुठं हलतोय बघायचं, तांब्याच्या हातोडीनं एक टोला, परत डायल. सकाळी दहाला बसले ते दुपारी अडीचपर्यंत, मी शेजारी स्टुलावर. काटा जवळजवळ जागचा हलेना तेव्हा मामांनी काही न बोलता चहा सांगितला.

मामा ७४ वर्षांचे आहेत. मुलगा शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर असतो, चांगलं कमावतो, त्याला या कामात यायचं नाही आणि त्यात त्याची काही चूक नाही. पण मी दहा वर्षं "रिटायर झाल्यावर निवांत बघू" म्हणत बसलो, त्या दहा वर्षांत वडिलांची ही गाडी बांधणारे मंगळवार पेठेतले मिस्त्री गेले, गाडीचं काय काय त्यांना माहीत होतं ते त्यांच्याबरोबर गेलं. आपल्याकडं वेळ असून काय उपयोग, हात कुणाचे आणायचे? ज्यांच्या घरी बुलेट, येझदी, राजदूत पडून आहे त्यांनी साठीची वाट बघू नका, रविवारी एक-एक तास काढा पण आत्ता काढा, आणि गाडी टाकून घरी येऊ नका, मिस्त्रीच्या शेजारी बसा.

आता फक्त टाकीचं डाव्या बाजूचं गुडघ्याचं रबर राहिलंय. नवीन मिळतंय पण त्याची नक्षी वेगळी आहे. कुणाकडं जुनं असेल, फाटकं का असेना, खाली कळवा, मी घ्यायला येतो.