आज काय नाही?

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी चारशेक पाहुणे घेऊन ठाण्याला आली. तेव्हापासून स्टेशनबाहेर उभं राहून 'इथं चांगलं काय मिळतं हो?' असं विचारणाऱ्यांची रांग काही तुटलेली नाही. उत्तरही ठरलेलं: मामलेदारची मिसळ. सकाळी विचारा, रात्री साडेदहाला विचारा, सोबत ऐंशी वर्षांची आजी आहे म्हणून सांगा, ठाणेकर मिसळच सांगणार. मिसळ उत्तमच आहे, वाद नाही. कमी, मध्यम आणि तिखट असे तिचे तीन प्रकार. पाहुण्याने 'आम्ही कोल्हापूरकडचे' ही फुशारकी खिशात ठेवून मध्यमपासून सुरुवात करावी. पण ठाणेकर तुम्हाला सांगतो ते पाहुण्यांचं हॉटेल. मंगळवारी रात्री घरी गॅस संपला की तो स्वतः कुठं जेवतो, हे तुम्ही त्याला विचारलेलंच नसतं.

विचारायचं कुणाला, हाही प्रश्नच. रिक्षावाल्याला विचारू नये. तो प्रामाणिक असतो, पण त्याचा डबा घरून येतो. सोसायटीच्या वॉचमनचं तेच. माझ्या मते सर्वांत भरवशाचा माणूस म्हणजे औषध कंपनीचा एमआर. नौपाड्यात कुठल्याही डॉक्टरच्या दाराशी काळी बॅग मांडीवर घेऊन तो बसलेला सापडतो. रोज बाहेर जेवणारा, ठरीव भत्त्यात भागवून वर चार पैसे वाचवणारा आणि संध्याकाळी सहा डॉक्टर बाकी असल्यामुळे पोट बिघडणं अजिबात न परवडणारा. त्याने सांगितलेलं हॉटेल दिसायला यथातथा असेल, पण भाजी सकाळची नसेल.

मोबाइलवरच्या ताऱ्यांविषयी थोडंच बोलतो, कारण आतापर्यंत तुम्ही मॅप उघडलाच असणार. पाच ताऱ्यांचे अभिप्राय वाचायचेच नाहीत. त्यात 'अँबियन्स' आणि 'पार्किंग' हेच दोन पदार्थ असतात. 'सर्वात नवे आधी' असं लावून तीन ताऱ्यांवाले वाचावेत. 'जेवण मस्त, पण वेटर उद्धट, एसी नाही, अर्धा तास उभं राहावं लागलं' असं कुणी चिडून लिहिलं असेल तर तडक निघावं. फोटोंत पदार्थांपेक्षा बिलाचा आणि भिंतीवरच्या फळ्याचा फोटो शोधावा. आणि वेळ बघावी. मालवणी खानावळ साधारण बारा ते साडेतीन आणि संध्याकाळी साडेसातनंतर. मधल्या वेळात शटर अर्धं खाली असतं, आत वेटर बाकड्यावर आडवे असतात आणि मॅप 'सुरू आहे' म्हणत असतो. त्या वेळी उडुप्याकडे जावं, मुकाट्याने इडली खावी.

आता मासे. पाहुणा इथंच सर्वांत जास्त फसतो. वाट्टेल त्या दिवशी येतो आणि सुरमई मागतो. मराठी घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच जणांना चालत नाही, त्यामुळे मासळीची खरी उचल बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. खप जास्त तो दिवस ताजेपणाचा; रविवारी न खपलेला तुकडा सोमवारी फ्रीजमध्ये उपास करतो आणि मंगळवारी तुमच्या ताटात पारणं फेडतो. आषाढ संपता संपता, म्हणजे गटारीच्या सुमारास, टेबल मिळत नाही आणि श्रावण लागला की वेटर दारात उभे राहून माश्या मारतात. जून-जुलैत तर पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना ६१ दिवस बंदी असते. त्या काळात ताटात आलेली सुरमई बर्फातून उठून आलेली असते, नाहीतर ट्रकने पूर्व किनाऱ्यावरून. तिकडची बंदी १५ एप्रिलला लागते आणि १४ जूनला उठते. पावसाळ्यात शहाण्याने खाडीचं मागावं: चिंबोऱ्या, निवट्या, नाहीतर सरळ सुकट आणि सुके बोंबील.

एरवी बांगडा घ्यावा. बांगड्याला प्रतिष्ठा नाही, म्हणून तो रोज खपतो, म्हणून रोज नवा येतो. बोंबिलात पाणी फार. तळण्याआधी तो चिरून वजनाखाली दाबून ठेवावा लागतो. हे ज्याने केलं नाही त्याचा बोंबील उचलताच मधोमध मान टाकतो आणि रव्याचा झगा ताटात सोडून जातो. पापलेटच्या पुढे कार्डावर आकडा नसून 'साइझप्रमाणे' लिहिलेलं असतं. तिथं लाजू नये, मासा आणून दाखवायला सांगावा आणि भाव आधी ठरवावा. ज्याने लाज धरली त्याला बिलात पापलेट देवमाशाच्या भावाने लागलेलं आढळतं.

सोलकढी म्हणजे त्या स्वयंपाकघराचा जबाब. नारळाचं दूध आणि आमसूल यांचा रंग फिका गुलाबी येतो. लग्नातल्या फेट्यासारखा गुलाबी दिसला तर तो बाटलीतला. वर पांढरा तवंग जमून खाली पाणी उरलं असेल तर ती बराच वेळ फ्रीजमध्ये बसून आहे. तांदळाची भाकरी मागितल्यावर दोन मिनिटांत आली तरी संशय घ्यावा. थापून, भाजून, फुगून यायला पाच-सात मिनिटं लागतातच.

एवढं सगळं तपासायला वेळ नसेल तर एकच प्रश्न पुरतो. 'आज ताजं काय आहे?' हा तो नव्हे. त्याला 'सगळं ताजं साहेब' हेच उत्तर येतं, आणि सांगणारा ते सीलिंग फॅनकडे बघून सांगतो. विचारायचं, 'आज काय नाही?' वेटर म्हणाला, 'पापलेट नाही, तिसऱ्या शिंपल्या संपल्या, बोंबील दोनच प्लेट उरलेत,' तर बूड टेकावं. हे घर बाजारावर चालतं. 'सगळं आहे' म्हणाला तर ते डीप फ्रीजवर चालतं. चौदा पानी लॅमिनेटेड मेनू, त्यात सिझलर, पंजाबी, मालवणी, चायनीज, कोल्हापुरी, आणि आत आचारी तीन. तिघांनी किती प्रांत सांभाळायचे? आणखी एक: पाटीवर 'मालवणी' लिहिलेलं असलं तरी गल्ल्यावर बऱ्याचदा उडुपी-मंगळूरकडचे शेट्टी अण्णा असतात. मग कोंबडी-वडे मागून त्यांना अडचणीत आणू नये. कार्डात नीर डोसा, चिकन सुक्का, घी रोस्ट कुठं लपलंय ते शोधावं आणि तेच मागवावं. अण्णांचा चेहरा खुलतो, आतून रस्साही वाढीव येतो.

ऐरोलीचा पूल ओलांडून नवी मुंबईत गेलं की प्रश्न बदलतो. तिथं हॉटेल चांगलं की वाईट हे नंतर. ते सापडतच नाही. हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७०ची, आणि शहर आखताना तिने प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, सेक्टरचे आकडे पुन्हा एकपासून सुरू केले. त्यामुळे सेक्टर १५ वाशीतही आहे, नेरुळातही, कोपरखैरण्यातही आणि बेलापुरातही. खाण्यापिण्यासाठी गाजलेला आहे तो बेलापूरचा. मित्र 'पंधराला ये, बसू' एवढंच म्हणतो, तुम्ही वाशीच्या पंधरात एखाद्या शांत बंगल्यासमोर उभे राहता आणि मित्र पाच स्टेशनं पुढं दुसरी मागवतो. ठाण्याहून जाताना तुर्भ्यानंतर फाटा फुटतो: वाशीची गाडी सानपाड्याकडे, पनवेलची जुईनगरकडे. बेलापूरला पनवेलचीच पकडायची. वाशीतल्या बसण्याच्या जागा सेक्टर १७ला, पण स्टेशन हायवेच्या एका अंगाला आणि सतरा दुसऱ्या. मॅपवर जे समोर दिसतं ते सायन-पनवेल हायवे ओलांडून असतं. खारघरला जाऊन बार शोधण्याचा उपद्व्याप करू नये. दारूबंदीची मागणी तिथं जुनी आहे आणि रहिवासी चिवट.

जेवायचंच असेल तर कोण कुठं राहतं ते बघावं. एपीएमसीतले, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारातले, माथाडी बरेचसे सातारा-पुण्याकडचे, त्यांची वसाहत कोपरखैरण्यात, म्हणून त्या पट्ट्यात मटण-भाकरी खावी. दिवाळे, करावे, सारसोळे ही गावं सिडकोच्या आधीची. त्या बाजूला 'आगरी-कोळी' पाटी दिसली तर सहसा खोटी नसते. ऐरोली-घणसोलीत आयटीवाल्यांचं दुपारचं जेवण सोमवार ते शुक्रवार झकास, रविवारी सन्नाटा.

बारची परीक्षा वेगळी. आपल्याकडे बार नसतो, 'परमिट रूम' असते, कारण १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना हवा. एका दिवसाच्या विदेशी दारूच्या परवान्याचे पाच रुपये. देशातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वाचली गेलेली पावती ती हीच. बिअरला वय २१, कडक दारूला २५. काळ्या काचा, 'ऑर्केस्ट्रा'ची पाटी आणि दारात सफारीतला माणूस, हे तिन्ही एकत्र दिसले तर पुढं चालू लागावं, तिथं पापडसुद्धा परवडत नाही. साध्या परमिट रूममध्ये खालचा नॉन-एसी आणि वरचा एसी, दोन्हीकडे भटारखाना एकच आणि दर दोन. मला विचाराल तर खाली बसावं. चकणा आधी खाली येतो. चकणा बघूनच कळतं: उकडलेले चणे, वर कांदा, लिंबू आणि वाटी न मागता दुसऱ्यांदा भरली गेली, तर जागा बरी. मऊ पडलेली शेव आली तर पहिल्यातच आटपावं.

बिअर 'एकदम चिल्ड' आहे असं वेटर शपथेवर सांगतो आणि तुमचा हात बाटलीपर्यंत पोचायच्या आत बुच उडवतो. म्हणून हात आधी पुढं करावा, उत्पादनाची तारीखही बघावी, मुदत साधारण सहा महिन्यांची. पेग ३० किंवा ६० मिलीचा. क्वार्टर १८० मिलीची, म्हणजे तीन मोठे. पिणारे दोघं असतील तर क्वार्टर टेबलावर सीलसकट मागवावी, माप आणि मन दोन्ही स्वच्छ राहतं. २ ऑक्टोबर, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास पाहुण्याने लक्षात ठेवावेत. त्या दिवसांत ओळखीच्या बारमध्येही ताक मिळतं.

बिलात जेवणावर ५ टक्के जीएसटी दिसेल, दारूवर व्हॅट वेगळा, आणि तळाशी बारीक अक्षरात सर्व्हिस चार्ज. तो द्यायची सक्ती नाही. 'काढा' म्हटलं की काढतात, मात्र त्यानंतर बडीशेपेची वाटी बरीच लांबून सरकवली जाते. टीप रोख, वेटरच्या हातात, आणि ती देताना सहज विचारून ठेवावं, 'उद्या काय नसेल?'