आठच्या ठोक्याला तंबू

आईला इथला समुद्र दाखवायचा, तोही तंबूत राहून, ही कल्पना माझी. आईचं माहेर आंजर्ल्याचं, तिला समुद्राचं काय कौतुक! पण 11 जानेवारीला ती कॅलिफोर्नियात आमच्याकडे उतरली आणि त्याच रात्री मी जाहीर करून टाकलं: या उन्हाळ्यात न्यू ब्रायटन स्टेट बीच! वर कड्यावर आपला तंबू, खाली मॉन्टेरे बे.

इथल्या स्टेट पार्कांचं बुकिंग बरोबर सहा महिने आधी, सकाळी 8 वाजता उघडतं. 17 जुलैचा शुक्रवार हवा, तर 17 जानेवारीला आंघोळ न करता लॅपटॉपपुढे बसायचं. गणपतीत कोकणकन्येचं तिकीट काढलेला माणूस मी. म्हटलं, हे काय घेऊन बसलात!

एका जागेवर माणसं जास्तीत जास्त 8. आम्ही पाच, मित्राकडचे चार. नववा कोण, यावर व्हॉट्सअ‍ॅपवर तीन दिवस काथ्याकूट झाला. शेवटी शेजारशेजारच्या दोन जागा घ्यायचं ठरलं. बायकोची यादी तोवर मिसळीचा कट गोठवून न्यायचा इथपर्यंत पोचली होती. रॅकून रात्री येऊन खाणं पळवतात हे कळल्यावर तिने फरसाणासाठी कुलपाचा डबा शोधायला घेतला. रात्री 10 नंतर शांतता पाळायची, हे वाचून मित्र मात्र खचला. त्याचा आवाजच दहाला लागतो.

शनिवारी 8 वाजले. मी इथे, मित्र त्याच्या घरी, फोन स्पीकरवर. हेरून ठेवलेली जागा डोळ्यांदेखत गेली. दुसरी गेली. तिसरीवर बोट ठेवलं, तर चक्र फिरतच राहिलं. "रिफ्रेश करू नकोस!" मित्र किंचाळला आणि स्वतः केलं. 8 वाजून 4 मिनिटांनी मला एक जागा मिळाली, त्याला पार दुसऱ्या टोकाला. मधे संडास.

"मिळाली!" मी नाचत स्वयंपाकघरात गेलो. आई कोथिंबीर निवडत होती.

"छान झालं हो. कधीची?"

"सतरा जुलै!"

तिने हातातली काडी खाली ठेवली.

"अरे, विमानतळावरच्या त्या साहेबाने मला सहाच महिने दिलेत ना? माझं परतीचं तिकीट दहा जुलैचं आहे. तूच काढलंयस."